हजर बेचाळीस

१२:२० — ६
१२:३० — ११
१२:४० — १९
१२:५० — ३१
१:०० — ४३

मोठ्या सुट्टीत हजेरीपुस्तक मिटताना त्यातून हा कागद घसरला आणि नूतनच्या पायाशी पडला. उचलताना तिनं सवयीनं शेवटचा आकडा आधी वाचला. एकोणीस वर्षांच्या शाळेच्या नोकरीत ती हेच शिकली होती: कागदावरचा शेवटचा आकडाच तेवढा वर पाठवायचा असतो. त्रेचाळीस. डोक्याशी गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: निरीक्षण पत्रक, इयत्ता सातवी, विज्ञान, धडा 'तंतूपासून कापडापर्यंत', दर दहा मिनिटांनी कंटाळलेल्यांची संख्या. अक्षर योगिताचं. बी.एड.च्या सरावासाठी महिनाभर आलेली ही मुलगी मागच्या बाकावर बसून दिवसभर काहीतरी लिहीत असते हे नूतन बघत होती, काय लिहिते ते विचारायचं राहून गेलं होतं. वर्गाचा पट बेचाळीस. आज जेवणात सुखडी, गुळाची वडी, म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस हजर. सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीत सुखडीची बातमी घंटेच्या आधी पोचते. म्हणजे बेचाळीस पोरांपैकी त्रेचाळीस कंटाळली. नूतनला आधी हसूच आलं. कंटाळा मोजायला निघाली आणि बाईला पोरंच मोजता आली नाहीत. हे शालिग्राम सरांना सांगायला हवं, हेडमास्तर तेवढेच चहाबरोबर हसतील, असं मनात येतंय तोच तिचा हात आपोआप पर्सच्या मागच्या कप्प्याकडे गेला, कारण सरांना आज द्यायचं होतं ते तिथं होतं. अर्ज. भरून तीन दिवस झाले, फक्त सही बाकी. सीआरसीची जागा निघाली होती: आठ शाळांवर फिरायचं, त्यांचे आकडे गोळा करायचे, ऑफिसात बसून ते जुळवायचे. वर्ग नाही, फळा नाही, पोरं नाहीत. आजचा शेवटचा दिवस. पावणेपाचला सर सगळ्यांचे कागद रेक्झिनच्या बॅगेत घालून स्कूटरवरून शिक्षण समितीच्या ऑफिसात जातात, त्याच्या आत. घरी तिनं सांगितलं होतं, घसा बसतो. शाळेत सांगितलं होतं, गुडघे दुखतात. दोन ठिकाणी दोन कारणं दिली की तिसरं कुणी विचारत नाही, आपणही नाही.

आणि हसू मध्येच थांबलं. का थांबलं ते तिला कळलं नाही.

योगिता नळावर डबा धूत होती. लिंबायतची मुलगी, बाप कारखान्यात, अंगात सराव-शिक्षिकांची क्रीम रंगाची साडी, जिला ती दर पाच मिनिटांनी पिन लावते. नूतननं कागद तिच्यासमोर धरला.

"हा तुझा?"

"हो बाई. शोधत होते मी."

"वर्गात पोरं किती?"

"बेचाळीस."

"मग हे त्रेचाळिसावं कुठून आणलंस? शेजारच्या वर्गातून?"

योगितानं नळ बंद केला. नीट बंद होईना म्हणून पुन्हा पिळला. "मी खोडून टाकते बाई."

"खोडू नको. चुकलं कुठं ते सांग. हा कागद तुझ्या कॉलेजात जाईल, खाली माझी सही लागेल."

"चुकलं नाही," योगिता म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचीच मान खाली गेली. "आमच्या मॅडम म्हणतात, वर्गात जे दिसेल तेच लिहायचं, मनाचं घालायचं नाही. मी... मी तुम्हालापण धरलं."

खाली मैदानात पोरं बाटल्यांनी क्रिकेट खेळत होती. नूतनला रागवायचं होतं, पण राग येण्यासाठी आत कुठंतरी हे खोटं वाटावं लागतं. तिनं विचारलं ते भलतंच, "तुला कसं कळलं?"

"मला नव्हतं कळलं. मी पोरंच बघत होते. पल्लवीनं सांगितलं. म्हणजे बोलली नाही ती. हातानं." आणि योगितानं ओल्या हातांच्या दोन तर्जन्या टोकाला टोक लावून धरल्या, झटकन अलग केल्या, आणि हनुवटी किंचित पुढं केली: तिकडं बघ, फळ्यापाशी. "सगळी पोरं करतात बाई. कंटाळा आला की एकमेकांना हीच खूण. मी त्यावरूनच मोजते. एक वाजता पल्लवीनं ती खूण केली आणि तुमच्याकडं दाखवलं. मला वाटलं आगाऊपणा करते. मग मी बघितलं तुमच्याकडं, आणि..."

"पुरे," नूतन म्हणाली.

तार तुटली, म्हणजे मागावरचा धागा तुटला. ही खूण तिला योगिताकडून शिकायची नव्हती. ती वाचता यायच्या आधीपासून तिला येत होती, कारण तिचा बाप, सुपडू, पारोळ्याकडून सुरतेत आला आणि कडोदऱ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बारा मशीनच्या मध्ये उभा राहिला, आणि बारा मशीनच्या मध्ये माणसाला तोंडाचा उपयोग फक्त तंबाखू ठेवायला असतो. डबा घेऊन ती जायची तेव्हा दारातच आवाज अंगावर यायचा, पोटात आतून कुणीतरी ठोकतंय असा, आणि आत माणसं हातांनी बोलत असायची: बोटं अलग केली, तार तुटली, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं, सांधतोय, दुसरा पंजा आडवा वर धरला, मी सांधून होईपर्यंत चालू करू नको. त्या आडव्या पंजाला फार मान होता. सेठसुद्धा बटणाला हात लावत नसे. बाप मशीनकडे पाठ करून उभा राहायचा, गप्प, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधेच वळून थेट सातव्या मशीनपाशी जायचा, जिथं चार हजार तारांतली एक गेलेली असायची. तुला कशी दिसली, असं तिनं घरी आल्यावर विचारलं की म्हणायचा, "दिसनी नही वं माय. तठे काहीतरी उगं व्हयनं." तिथं काहीतरी गप्प झालं. आता तो तिच्याच घरी गॅलरीत बसतो, कान पूर्ण गेलेले, समोरच्या इमारतीतल्या बाया भांडतात ते ओठांवरून वाचून जेवताना जसंच्या तसं सांगतो, दोन्ही बाजूंनी. कारखान्यात नवा माणूस आला की त्याला सुपडूकडे देत. बाकीचे उस्ताद शिकवताना दाखवायचे, ओरडायचे, टपली मारायचे. सुपडूची रीत वेगळी. तो नव्या माणसाला मशीनच्या गल्लीत उभा करी आणि आठ दिवस काहीही सांगत नसे. हात लावू देत नसे. आठव्या दिवशी बाहेर चहाच्या लारीवर, हातगाडीवर, नेई, समोर बसवी, आणि त्याच्या ओठांवर डोळे ठेवून एकच विचारी, "काय दिसनं?" तो माणूस जे सांगे ते सगळं शेवटपर्यंत बघे. एकदा तिनं विचारलं होतं, बाबा, त्यांना काय येतंय, तुम्ही काय विचारता? बाप म्हणाला, "माले जे दिसनं बंद व्हयी गयं ना, ते त्याले दिसस." मला जे दिसेनासं झालंय, ते त्याला दिसतं. तिसऱ्या मशीनचं पट्ट्याचं चाक डुगडुगतं हे असंच एका आठ दिवसांच्या ओडिया माणसानं सांगितलं होतं आणि बापानं त्याला दुसरा चहा पाजला होता.

२:५०. घंटा झाली.

तिनं वर्गात जाताना ठरवलं होतं की काही झालेलं नाही. पोरं उठली, बसली. बेचाळीस डोकी, केसांना तेल, काहींच्या केसांत कापसाचं बारीक फूल अडकलेलं, जिथं आया साड्यांचे धागे कापत बसतात अशा घरांतून आलेली. ही पोरं झोपेत साडीचे धागे कापतात असं ती पहिल्या वर्षी विनोदानं म्हणायची. नंतर म्हणायची सोडली. पहिल्या वर्षी तर ती काय काय करायची. बापाकडून बॉबिनी मागून आणल्या होत्या, पोरांनाच दोन ओळींत उभं करून ताणा, म्हणजे उभे धागे, केलं होतं, एका मुलीला बाणा, आडवा धागा, करून त्यांच्यामधून पळवलं होतं, त्या मुलीचा पाय अडकून अख्खा ताणा कोसळला होता आणि ते कोसळलेलं कापड दहा मिनिटं हसत होतं. दुसऱ्या वर्षीही तेच केलं. तिसऱ्या वर्षीही. चौथ्या वर्षी कुणाचा पाय अडकला नाही तेव्हा तिनंच त्या मुलीला हळूच सांगितलं, तू पड. ते तिला आत्ता आठवलं, गणिताची वही तपासताना, कुठल्या कप्प्यातून वर आलं कोण जाणे. तू पड. आणि ती मुलगी पडली, आणि पोरं हसली, पण थोडी कमी, आणि उठताना त्या मुलीनं तिच्याकडे जे पाहिलं होतं, तेही आठवलं. नंतर तक्ते आले. मग ट्रेनिंगं आली, खेळातून, गाण्यातून, गटांतून; प्रत्येक ट्रेनिंगला फाइल आणि पेन आणि वडापाव. मग स्मार्ट बोर्ड आला, त्याच्यावर एक हातमाग बासरीच्या संगीतात चालतो आणि एक पगडीवाला हसतमुख विणकर कापड विणतो, ज्याला बघून गेल्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं, "बाई, ह्याचं पाळीचं टायमिंग काय असेल?" आणि तिनं दटावलं होतं, लक्ष द्या.

आकडा डोक्यातून जाईना. म्हणून चौथ्या तासाला, मराठीचं पुस्तक बाजूला ठेवून, तिनं एक प्रयत्न करून पाहिला. बापासारखं विचारायचं. तिनं खुर्ची फळ्यापासून ओढली, पोरांच्या जवळ आणली, बसली, हात गालाला लावला आणि म्हणाली, "मला एक सांगा बरं. कापड कसं बनतं? मला तर बाई काही आठवतच नाही."

मग खिडकीकडच्या बाकावरच्या लोटूनं, जो कुणालाच घाबरत नाही, हळूच विचारलं, "बाई, ट्रेनिंगला जाऊन आलात का?"

हसू दबलं. एकजण म्हणाला, "ए, बाईने बधी खबर छे, सगळं येतं त्यांना, फक्त विचारतात." आणि दिपाली नावाची हुशार मुलगी, कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे म्हणून, उठून म्हणाली, "कापड धाग्यांच्या दोन संचांची एकमेकांत गुंफण करून बनतं," पुस्तकातलं, स्वल्पविरामासकट, आणि बसली. नूतन म्हणाली, शाब्बास. तिचा आवाज तिला एखाद्या लांबच्या लाउडस्पीकरसारखा ऐकू आला. दिपालीची आई पलसाण्याच्या मिलमध्ये घडी घालते, बाप विणतो, काका बीमवर धागा भरतो, आणि दिपालीला धाग्यांच्या दोन संचांची गुंफण पाठ करावी लागते. आणि जिच्या बापाला पाठीनं तार तुटलेली कळायची ती बाई तिला शाब्बास म्हणते. पोरांना उत्तर येतं म्हणून कंटाळा येतो असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. तसं असतं तर तिला स्वतःला का यावा, तिला तर सगळीच उत्तरं येतात. किंवा म्हणूनच. तिनं एकोणीस वर्षांत या वर्गाला असा एकतरी प्रश्न विचारला होता का, ज्याचं उत्तर तिला घरी जाताना उपयोगी पडेल? ती शोधत राहिली, आणि शोधताना घंटा झाली.

बापाला खोटं विचारता येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिचं बोट धरून बाजाराला निघाला की दर पाटीपाशी थांबायचा, "हाई काय शे?" ती आठ-नऊ वर्षांची, नुकतं वाचायला शिकलेली, आणि तो खरोखरच अडलेला. ती वाचायची: दवाखाना. टायर. शुद्ध घी. तो पाटीकडे बघत नसे, तिच्या ओठांकडे बघे, आणि मग तोच शब्द आवाज न करता स्वतःच्या ओठांनी करून पाही. आपण शिकवणारीण व्हायचं हे तिनं ठरवलं ते त्या रस्त्यावर, बाप तिच्यापुढे वाकून तिचे ओठ वाचत असताना. कंटाळा? त्या रस्त्यावर ऊन आठवतं, चप्पल चावलेली आठवते.

४:१०. शेवटचा तास. पुन्हा विज्ञान, तोच धडा, उरलेली अडीच पानं. योगिता मागच्या बाकावर नवा कागद घेऊन बसली होती, पण पेन्सिल हातात धरावी की नाही अशी. खिडकीतून खाली शाळेचं फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी शालिग्राम सरांची स्कूटर. नूतननं सुट्टीनंतर अर्ज पर्समधून काढून टेबलाच्या खणात ठेवला होता, पेन त्याच्यावर. सही करायला दोन सेकंद. खाली जायला दोन मिनिटं. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचू लागली, विणकामासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रास माग असे म्हणतात, माग दोन प्रकारचे असतात, आणि वाक्याच्या मध्यावर तिला दिसलं. तिसऱ्या रांगेत पल्लवी. बारीक मुलगी, दोन वेण्या, चेहऱ्यावर पूर्ण लक्ष असल्याचा भाव. आणि बाकाच्या कडेखाली दोन तर्जन्या टोकाला टोक लागल्या आणि अलग झाल्या. किती सुरेख केली तिनं ती खूण. बापानं केली असती तशीच, एका झटक्यात, मनगट न हलवता.

नूतननं पुस्तक मिटलं.

"पल्लवी, उभी राहा. आत्ता हातानं काय केलंस ते पुन्हा कर."

पल्लवी उभी राहिली. हात पाठीमागे गेले. वर्गानं श्वास धरला, कारण ही खूण गुपित होती आणि गुपित फुटलं की कुणीतरी मार खातं.

"रागावणार नाही. मला ती येते." आणि नूतननं खडू टेबलावर ठेवून स्वतः ती केली. तर्जनीला तर्जनी, झटका. मग सांधण्याची. मग आडवा पंजा. मागून कुणीतरी "आयला" म्हणालं. "माझे वडील कडोदऱ्याला होते. तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून मला ही भाषा येते. तर आता मला खरं सांगा. दुपारी एक वाजता पल्लवीनं ही खूण केली आणि माझ्याकडे दाखवलं. माझी तार तुटली असं सांगितलं. मी इथं समोर उभी होते, शिकवत होते, बोलत होते. तुम्हाला काय दिसलं?"

मग तिच्या तोंडून तो शब्द बाहेर आला, वर्गात एकोणीस वर्षांत कधी न आलेला, घरचा.

"काय दिसनं?"

आधी लोटू. "चप्पल, बाई."

"काय चप्पल?"

"तुम्हाला कंटाळा आला की उजवा पाय चपलेच्या बाहेर येतो. आत्तापण आहे."

सगळा वर्ग वाकून टेबलाखाली बघू लागला. तिनंही पाहिलं. उजवा पाय चपलेवर ठेवलेला होता, अंगठा वर.

"आणि तुम्ही 'लक्ष द्या' म्हणता ना," पल्लवी म्हणाली, अजून उभीच, "तेव्हा आमच्याकडं नाही बघत. पंख्याकडं बघून म्हणता."

"पान उलटायच्या आधी बोट ओलं करता," मागून गणपत, याच्या घरचे परभणीकडचे, त्याचा हेल अजून गेलेला नाही, "कट्टाळा आला की दोनदा करताव."

"आणि 'बरं का' वाढतं."

"ए, 'बरं का' नाही, 'तर मग'. 'बरं का' चांगलं असतं."

"हो, बाई, 'बरं का' म्हणालात की तुम्हाला मजा येतेय."

"भागाकाराला येत नाही कंटाळा बाईंना. भागाकारात खडू मोडतात."

"नाडी मोजली होती तेव्हा! घंटा झाली तरी आमची नाडी मोजत होत्या. वाल्मिकची सापडतच नव्हती."

"मी मेलेलो," वाल्मिक अभिमानानं म्हणाला.

सगळे एकाच वेळी बोलू लागले, मराठीत, गुजरातीत, घरच्या बोलीत, एकमेकांचं खोडत, आणि नूतन टेबलाला टेकून उभी राहिली आणि एकेकाच्या ओठांकडे बघू लागली, कारण एवढ्या आवाजात दुसरा उपाय नव्हता. सोमवारी ती दारातून कोणता पाय आधी टाकते हे त्यांना माहीत होतं. डोकं दुखत असेल तर ती फळा डावीकडून पुसते. एखाद्या शब्दावर अडली की ती गळ्यातली साखळी धरते आणि मग तो शब्द न बोलता दुसरा बोलते. घरात तिच्याबरोबर वीस वर्षं राहणाऱ्या नवऱ्याला यातलं एक सांगता आलं नसतं. हे सात महिन्यांचं काम होतं, बेचाळीस जणांचं, रोज पाच तास, वहीशिवाय. ती समजत होती लक्ष उडतं. लक्ष उडून कुठं जातं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ते फळ्यावरून उठून तिच्यावर येऊन बसत होतं. त्यांना मिळालेला सगळ्यांत न कळणारा धडा तीच होती, आणि तो ही पोरं, ज्यांच्या बापांना चार हजार तारांतली एक ओळखावी लागते, घरून आणलेल्या डोळ्यांनी वाचत होती. किती छान वाचत होती. एकाच्याही बोलण्यात कुचेष्टा नव्हती. कारागीर मशीनबद्दल बोलतात तसं ती बोलत होती, मशीन आपली आहे आणि ती नीट चालावी असं वाटणारे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण तेही लगेच नोंदवलं गेलं असतं, म्हणून तिनं साखळी धरली, आणि त्यावर तीन पोरं एकदम म्हणाली, "बघा, साखळी."

ती हसली. मोठ्यांदा.

हसणं ओसरल्यावर पल्लवीनं विचारलं. ती एकटीच अजून उभी होती, तिला बस म्हणायचं राहून गेलं होतं. "बाई, पण कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तार. कधी तुटली तुमची?"

विचारताना तिचे डोळे नूतनच्या ओठांवर होते. परीक्षेतला प्रश्न नव्हता तो. पल्लवीला माहीत नव्हतं आणि तिला हवं होतं. वर्ग असा गप्प झाला, जसं सातव्या मशीनपाशी काहीतरी थांबावं.

खालून हॉर्न वाजला. शालिग्राम सर स्कूटरपाशी उभे होते, बॅग पायापाशी ठेवून, मान वर करून तिच्या खिडकीकडे बघत. त्यांनी मनगटावर दोनदा बोट आपटलं. पावणेपाच. खण अर्धा उघडा होता, अर्जाचा कोपरा दिसत होता, कोपऱ्यावर पेन. नूतन खिडकीशी गेली. ओरडून सांगायचं म्हटलं तरी काय सांगणार. तिनं डावा हात उचलला, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं, आणि उजवा पंजा आडवा करून वर धरला. सांधतेय. चालू करू नका.

सर बघत राहिले. ते जळगावचे, त्यांचे वडील पोस्टात. त्यांना ही भाषा कुठून येणार. त्यांनी दोन्ही हात उडवले, काय? तिनं पुन्हा तेच केलं, पंजा आणखी वर. तिच्यामागे बाकांचा आवाज झाला. बेचाळीस पोरं खिडकीकडे धावली नव्हती, जागच्या जागी उभी राहून तिचे हात बघत होती, आणि त्यांना कळलं होतं. सरांनी डोकं हलवलं, बॅग पुढं ठेवली, किक मारली. स्कूटर फाटकातून बाहेर पडली, अमरोलीच्या रस्त्याला लागली आणि लारींच्या आड गेली.

ती परत आली. खण ढकलून लावला. उजवा पाय चपलेत घातला, तशी लोटूनं मान डोलावली. मागच्या बाकावर योगिता पुढं वाकून बसली होती, हनुवटी तळहातावर, साडीची पिन सुटलेली. पेन्सिल जमिनीवर पडलेली तिला कळलं नव्हतं. योगिताच्या कागदावर आपल्याला सही करायची आहे, नूतनला आठवलं, आणि ती करायच्या नुसत्या विचारानं तिला आत्ताच बरं वाटलं.

पल्लवी अजून उभी होती.

"बस," नूतन म्हणाली. "मला नक्की माहीत नाही. मला वाटतं, चौथ्या वर्षी. एक मुलगी होती, तिला मी सांगितलं होतं, तू पड. थांबा, आधीपासून सांगते, बरं का..."

४:१० — ८
४:२० — १२
४:३० —
४:४० —
४:५० —